हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबणे व त्यावरील नळीचे उपचार

— ऊस विकास अधिकारी, शेतकी गट कार्यालय, नांदगाव पेठ



या सदरातून आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट, ठिबक अशा विषयांवर आपल्याशी बोलत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या तुंबल्या म्हणजे नेमके काय होते, आणि छाती न उघडता, मनगटातून एक बारीक नळी घालून त्या कशा मोकळ्या करतात, याची माहिती आज द्यावयाची आहे. आम्ही डॉक्टर नव्हेत. शेतकीची पदविका घेऊन वावरावावराने फिरणारे आहोत. खाली जे लिहिले आहे ते वाचून, विचारून व समजून घेऊन लिहिले आहे. कोणते औषध घ्यावे व कोणता उपचार करावा हे ठरविणे डॉक्टरांचेच काम आहे. तरी पण हा लेख लिहिणे आम्हाला भाग पडले. का, ते आधी सांगतो.

गेल्या हंगामातील एक रात्र

जानेवारीचा महिना. आपल्या गटातील एक सभासद (नाव देत नाही, वय ५२) दोन ट्रॉल्या ऊस घेऊन काट्याच्या रांगेत उभे होते. रात्री नऊच्या सुमारास ते आमच्या टेबलाशी आले. थंडीचे दिवस असून कपाळावर घाम होता. म्हणाले, "साहेब, छाती जड वाटून राह्यली जी. गॅस असन." आम्ही त्यांना बसविले, पाणी दिले, टेबलाच्या खणात ओव्याची पुडी असते त्यातला ओवा दिला. "घरी जाता काय?" असे विचारले. ते म्हणाले, "नंबर लागत आला आता, कुठी जाऊ?" आम्हालाही ते पटले. रांगेतला नंबर सोडणे म्हणजे काय हे ऊस उत्पादकाला सांगावे लागत नाही.

पहाटे त्यांचा ऊस गव्हाणीत पडला. ते घरी गेले. डावा हात दुखत होता म्हणून सकाळी गावात एक इंजेक्शन घेतले, थोडे झोपले, आणि दुपारी मुलाने त्यांना अमरावतीला नेले. तिथे कळले की हा गॅस नव्हता; हृदयविकाराचा झटका होता, आणि तो येऊन पंधरा-सोळा तास झालेले होते. डॉक्टरांनी नळी घालून तुंबलेली वाहिनी मोकळी केली. माणूस वाचला. पण आज त्यांच्याने रात्रीचे पाणी द्यायला जाववत नाही, एक जिना चढला तरी दम लागतो. या वर्षी त्यांनी ऊस ठोक्याने दिला आहे.

त्यांना भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले ते शेतकऱ्याला लगेच कळण्यासारखे होते. "नळी उघडली हो, पण तोवर तिच्याखालचा पट्टा वाळून गेला होता." त्या दिवसापासून ओव्याची ती पुडी आमच्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून हा लेख.

हृदयाचे ठिबक

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायूचा पंप आहे. दिवसाकाठी तो सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. साऱ्या शरीराला रक्त देणाऱ्या या पंपालाही स्वतःचे रक्त लागते, आणि ते त्याला आतून मिळत नाही. मुख्य धमनी हृदयातून निघते त्या ठिकाणीच तिला दोन फाटे फुटतात, उजवा व डावा. डाव्याचे पुढे पुन्हा दोन होतात. अशा तीन मोठ्या वाहिन्या हृदयाच्या अंगावरून उतरत त्याला रक्त पाजतात. आपल्या भाषेत ही तीन सबमेन समजा, आणि पुढच्या बारीक फांद्या या लॅटरल. वाहिनीची जाडी फार नाही. साधारण दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे आपली ठिबकाची नळी तिच्यापेक्षा कितीतरी मोठी.

ठिबकाची नळी कशी तुंबते ते आपण जाणतो. क्षार साचतात, शेवाळ धरते, हळूहळू पाणी कमी होते. वाहिनीच्या भिंतीतही वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातील जादा चरबी व बसकी राहणी यांनी तो वाढतो. वाट अरुंद झाली की चालताना, चढ चढताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते. हा झाला संथ आजार.

झटका ही निराळी गोष्ट आहे. भिंतीतला तो थर एकाएकी फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि वाहिनी पूर्ण बंद होते. मग त्या वाहिनीखालचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. अर्ध्या तासात नुकसानीला सुरुवात होते व पुढे तासागणिक ते वाढत जाते. उसाचे एक पाणी चुकले तर पुढच्या पाण्याने पीक उभारी धरते. हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. त्या जागी नुसता वण राहतो. सारा लेख विसरलात तरी चालेल, एवढे वाक्य विसरू नका.

नळी हृदयापर्यंत कशी पोचली

हृदयाला हात लावायचा नाही, लावला की माणूस मरतो, असे डॉक्टर लोक फार वर्षे मानीत. जर्मनीत एबर्सवाल्डे या गावी १९२९ साली वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरने हा समज खोटा ठरविला. वरिष्ठांनी मनाई केली असताना त्याने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून लघवीच्या मार्गासाठी वापरायची बारीक नळी आत सरकवली, तशाच अवस्थेत जिना उतरून क्ष-किरणाच्या खोलीत गेला आणि नळीचे टोक हृदयात पोचल्याचे छायाचित्र काढून घेतले. कौतुक तर दूरच, त्याला बोलणी खावी लागली. पुढे १९५६ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. या लवचीक नळीलाच कॅथेटर म्हणतात.

दुसरा टप्पा अपघातानेच पुढे आला. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १९५८ साली डॉ. मेसन सोन्स मुख्य धमनीत रंगद्रव्य सोडत असता नळीचे टोक चुकून हृदयाच्या वाहिनीत शिरले व सारे द्रव्य तिच्यात गेले. रोग्याचे हृदय क्षणभर थांबले. त्याला खोकायला लावले आणि ते पुन्हा चालू झाले. पण पडद्यावर ती वाहिनी स्वच्छ दिसली. कुठे अरुंद आहे, कुठे बंद आहे हे जिवंत माणसात पाहण्याची वाट यातून सापडली. आज आपण जिला अँजिओग्राफी म्हणतो ती हीच.

तिसरा टप्पा १९६४ सालचा. ओरेगन राज्यातील डॉ. चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांची एक बाई आली. पाय सडत चालला होता, तो कापायला ती तयार नव्हती. डॉटर यांनी मांडीच्या तुंबलेल्या वाहिनीतून एकापेक्षा एक जाड अशा नळ्या सरकवून वाट रुंद केली. बाईचा पाय वाचला. नळीने नुसते पाहता येते असे नाही, दुरुस्तीही करता येते, हे जगाला यामुळे कळले.

फुगा, जाळी आणि मातीतले औषध

आंद्रेआस ग्रुंत्सिग हा जर्मन डॉक्टर स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे काम करीत होता. नळीच्या टोकाला बारीक फुगा बसवावा, तो मिटलेल्या अवस्थेत अडथळ्यापर्यंत न्यावा आणि तिथे फुगवावा, असे त्याच्या डोक्यात होते. बाजारात असा फुगा मिळत नव्हता. तेव्हा दिवसभर दवाखान्यात काम करून रात्री स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पत्नीच्या व मदतनीस बाईच्या साहाय्याने, प्लास्टिकची नळी, दोरा आणि डिंक घेऊन तो फुगे बनवीत बसे. कित्येक फुटले, कित्येक गळले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका रोग्याच्या हृदयाच्या वाहिनीत हा फुगा फुगविला. छातीवर सुरी न लावता वाहिनी उघडली. रोगी सारा वेळ जागा होता. दहा वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हाही ती वाहिनी उघडीच होती. ग्रुंत्सिग मात्र ते पाहायला राहिला नाही. १९८५ साली विमान अपघातात तो वारला.

फुग्याने काम भागले, पण पुरते नाही. काही रोग्यांत वाहिनी लगेच मिटे, आणि सुमारे तिघांपैकी एकाची सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होई. चारीचा कच्चा काठ जसा पाणी सोडल्यावर ढासळतो, तसा हा प्रकार. तेव्हा काठाला आधार हवा असे ठरले. १९८६ साली फ्रान्समध्ये तुलूझ येथे जाक प्यूएल यांनी, व त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी, वाहिनीत धातूची बारीक जाळी बसविली. हिलाच स्टेंट म्हणतात. आपल्याकडे कुणी स्प्रिंग म्हणतात, कुणी रिंग. फुग्यावर ती मिटलेली असते, फुगा फुगला की उघडते, आणि फुगा काढून घेतला तरी वाहिनीला आतून धरून ठेवते.

पण जाळीच्या आतही मांस वाढू लागले व काहींची वाट पुन्हा अरुंद झाली. यावरचा उपाय मातीतून आला, हे आम्हा शेतकी खात्याच्या माणसाला विशेष वाटते. पॅसिफिक महासागरात ईस्टर बेट नावाचे एक बेट आहे. १९६४ च्या अखेरीस तेथे गेलेल्या कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने मातीचे नमुने गोळा केले. त्यातल्या एका सूक्ष्म जंतूपासून मॉन्ट्रियल येथे एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्या कामाचे प्रमुख होते सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्याच देशातून गेलेले शास्त्रज्ञ. आधी ते बुरशीनाशक म्हणून पाहिले गेले. पुढे कंपनीने काम बंद केले, तेव्हा सेहगल यांनी ते जंतू टाकून न देता घरच्या फ्रीजरमध्ये सांभाळून ठेवले, आणि काही वर्षांनी काम पुन्हा सुरू करवून घेतले. सिरोलिमस हे ते औषध. पेशींची अवाजवी वाढ ते रोखते. १९९९ च्या डिसेंबरात ब्राझीलमध्ये साओ पावलो येथे डॉ. एदुआर्दो सोझा यांनी या औषधाचा लेप दिलेली जाळी प्रथम माणसाच्या हृदयात बसविली. आज बहुतेक ठिकाणी अशीच औषधी जाळी वापरतात. मूठभर मातीत काय दडलेले असते हे आपण माती परीक्षणाच्या वेळी सांगतो, त्याचे हे एक उदाहरण समजावे.

प्रत्यक्ष काम कसे चालते

मनगटाची किंवा जांघेची जागा बधिर करतात. मनगटाची वाट १९९० नंतर रूढ होत गेली. तीत रक्तस्राव कमी होतो व रोगी लवकर उठून बसतो. तिथून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी मुख्य धमनीतून हृदयाच्या वाहिनीच्या तोंडाशी नेतात व रंगद्रव्य सोडून अडथळा पाहतात. मग केसापेक्षा थोडी जाड तार अडथळ्याच्या पलीकडे घालतात आणि त्या तारेवरून फुगा व जाळी नेतात. आपले ठिबक एक किलो दाबावर चालते. हा फुगा आठ-दहा किलो, वेळप्रसंगी त्याहून जास्त दाबाने फुगवितात. काम साधारण अर्धा ते एक तासाचे असते. पूर्ण भूल देत नाहीत.

काही वाहिन्यांत चुनखडीसारखा कडक थर असतो. तिथे फुगा उघडत नाही. अशा वेळी हिऱ्याचे कण बसविलेले, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे बारीक टोक वापरून तो थर घासून काढतात. आणखी एक रीत मूतखड्याच्या उपचारावरून सुचली : फुग्यातूनच धक्क्याच्या लहरी सोडून चुना तडकवितात. वाहिनीच्या आतून चित्र घेणारे साधन निघाले आहे. अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांनी ५ डिसेंबर २०१८ रोजी गांधीनगरला बसून, सुमारे ३२ किलोमीटर दूर असलेल्या रोग्याच्या हृदयात यंत्रहाताच्या साहाय्याने जाळी बसविली. रोग्याजवळ अर्थातच डॉक्टर हजर होते.

नवे ते सारे चांगलेच असेही नाही. काही वर्षांत शरीरात विरघळून जाणारी जाळी मोठ्या गाजावाजाने आली होती. पुढे तिच्यात रक्ताच्या गाठी जास्त होतात असे दिसले, आणि २०१७ साली ती बाजारातून काढून घ्यावी लागली. नव्या वाणाची शिफारस चार हंगाम चाचणी प्लॉट पाहिल्याशिवाय आम्ही करीत नाही, तोच नियम इथेही आहे.

आपल्या देशात व आपल्या जिल्ह्यात

भारतात या उपचाराचा पाया घालणाऱ्यांत चेन्नईचे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिकल यांचे नाव अग्रभागी घेतात. ते अमेरिकेत ग्रुंत्सिग यांच्याच हाताखाली शिकून आले व १९८० नंतरच्या दशकात त्यांनी हे काम येथे सुरू केले. जाळी मात्र परदेशातून येई व किंमत ऐकूनच माणूस खाली बसे. १९९० नंतरच्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम व हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू यांनी संरक्षण खात्यातील धातूविषयक ज्ञान वापरून देशी जाळी तयार केली. ती कलाम–राजू स्टेंट म्हणून ओळखली जाते. आज आपल्या देशात अनेक कारखाने जाळ्या बनवितात.

किमतीचा प्रश्न २०१७ साली बराच सुटला. त्याआधी औषधी जाळीची छापील किंमत सरासरी एक लाख वीस हजारांच्या घरात होती. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी आदेश काढून साध्या जाळीला ७,२६० रुपये व औषधी जाळीला २९,६०० रुपये ही कमाल किंमत ठरविली, कर वेगळा. पुढे महागाईप्रमाणे हे आकडे बदलत गेले, पण किमतीवर सरकारी मर्यादा आहे ही गोष्ट कायम आहे. तेव्हा बिलात जाळीची किंमत, कंपनी व प्रकार वेगळा लिहून मागावा. खताच्या पोत्याची पावती आपण मागतो, तशीच ही.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. सुरुवातीस ती ठरावीक शिधापत्रिकांपुरती होती. पुढे आपल्या विभागासह अडचणीतल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना ती लागू झाली, आणि २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करून मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपये ठरविण्यात आली. अँजिओप्लास्टी या योजनेत बसते. मात्र रुग्णालय योजनेत असले पाहिजे, आणि शिधापत्रिका व ओळखपत्र लागते. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. आधी त्याला भेटावे. "पैसे कुठून आणू" या विचाराने घरी बसून राहणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

प्रत्येक अडथळ्याला जाळी लागते काय?

नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. झटका आलेला असताना तुंबलेली वाहिनी तातडीने उघडणे हा जीव वाचविणारा उपचार आहे. तिथे विचार करीत बसू नये. पण जिथे आजार संथ आहे, चालल्यावर दुखते व थांबल्यावर राहते, तिथे घाई नसते. ३७ देशांतील ५,१७९ रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ साली आला. अशा संथ आजारात चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला सुरुवातीलाच जाळी वा बायपास केल्याने मृत्यू व झटके कमी झाले असे दिसले नाही. छातीचे दुखणे मात्र जास्त कमी झाले. मुख्य डाव्या वाहिनीचा अडथळा असलेले रोगी त्या अभ्यासात नव्हते; त्यांची गोष्ट निराळी. म्हणून संथ आजारात "औषधांवर भागेल काय?" असे डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आणि अडथळे फार व अवघड जागी असतील तर बायपासच योग्य, असेही डॉक्टर सांगतात; ते ऐकावे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१) छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वाटणे, दुखणे हात-खांदा-जबडा-पाठीकडे जाणे, घाम, मळमळ, दम. यांपैकी काही पंधरा-वीस मिनिटे टिकले तर गॅस समजू नये. बायांना व मधुमेही माणसांना छातीत न दुखताही झटका येतो; नुसता दम व थकवा असतो.

२) १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. स्वतः मोटारसायकल चालवीत जाऊ नये. मागे बसूनही जाऊ नये.

३) जिथे हृदयाचा आलेख (ई.सी.जी.) निघतो त्या जवळच्या दवाखान्यात आधी पोचावे. नांदगाव पेठेहून अमरावती अर्ध्या तासाच्या आत आहे. वरच्या गावांहून वेळ लागणार असेल तर जवळच्या रुग्णालयात गाठ विरघळविणारे इंजेक्शन देता येते काय ते विचारावे. दोन तासांत नळीचा उपचार होण्यासारखा नसेल तर हे इंजेक्शन आधी देऊन मग पुढे पाठवितात.

४) पहिले एक-दोन तास सोन्याचे. साधारण बारा तासांपर्यंत वाहिनी उघडण्याचा चांगला फायदा मिळतो, पण प्रत्येक तासाला तो घटतो.

५) जाळी बसविल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या देतात, बहुधा सहा महिने ते वर्षभर, व त्यातली एक पुढेही चालते. बरे वाटले, दात काढायचा आहे, गावात गोळी मिळाली नाही, अशा कारणाने ती आपल्या मनाने बंद करू नये. जाळीत एकाएकी गाठ धरते व पहिल्यापेक्षा वाईट प्रसंग येतो.

६) खर्रा, तंबाखू, बिडी बंद. हे आम्ही हात जोडून सांगतो. आपल्या भागात खर्र्याची पुडी काट्यावर, बांधावर, लग्नात, मयतीत सगळीकडे फिरते. "खर्रा ओढत तर नाही ना, चावतो" असे म्हणणाऱ्याच्याही वाहिन्या त्याने खराब होतात.

७) चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व चरबी तपासावी. साखर कारखान्याच्या पत्रकात लिहायला अवघड आहे, तरी लिहितो : चहात साखर कमी घ्यावी. त्याने कारखाना बुडणार नाही.

ठिबक तुंबले म्हणून आम्ल सोडून नळ्या साफ केल्या आणि गाळणी मात्र बसविली नाही, तर पुढच्या हंगामात पुन्हा तेच. जाळीने एक जागा उघडते. बाकीच्या साऱ्या वाहिन्या त्याच रक्ताने, त्याच सवयींनी चालत असतात. आपल्या विदर्भातलेच, गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना ऐन चाळिशीत हृदयविकार झाला. स्वतः डॉक्टर असून आपण कसे वागत होतो हे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे, आणि खाणे, चालणे, मनाची शांती यांत कसा बदल केला तेही. गटातील वाचनालयात ते असावे अशी आमची सूचना आहे.

रांगेतील नंबराविषयी

शेवटी कामाची गोष्ट. त्या सभासदांना आम्ही परवा भेटलो. ते म्हणाले, "नंबर सोडला असता तं ऊस वाळला असता जी. म्हणून थांबलो." त्यांचे चुकले असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. रांगेचा नियम आमचा, आणि ओवाही आमचाच.

म्हणून शेतकी विभागाने येत्या गळीत हंगामापासून असे ठरविले आहे की, रांगेत असताना ज्या सभासदाची, वाहनचालकाची अथवा तोडणी मजुराची प्रकृती बिघडेल, त्याच्या वाहनाचा नंबर जसाच्या तसा राहील. वाहन बाजूला घेऊन आमचा माणूस ते काट्यावर नेईल व पावती घरी पोचती करील. त्यासाठी अर्ज नको, ओळख नको. काट्यावरील लिपिकाला वा पहारेकऱ्याला "छातीत दुखते" एवढे दोन शब्द सांगावेत. १०८ क्रमांक काट्याच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. शेजारच्या गाडीवाल्याला घाम फुटलेला दिसला तर त्याच्या वतीने आपण सांगावे.

नंबर जाणार नाही. ऊस आम्ही पाहू. आपण दवाखान्यात जावे.